पुंजयामिकीतील अस्थानिकता आणि तिच्या मर्यादा

दूरदूरच्या दोन वस्तू मध्ये काहीही नसताना एकमेकींवर परिणाम करू शकतात काय, हा पदार्थविज्ञानातला जुना प्रश्न आहे. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात सूर्य पृथ्वीला ओढतो, पण मधल्या पोकळीतून ही ओढ कशी पोहोचते ते कळत नव्हते. खुद्द न्यूटनलाही ही कल्पना पटत नव्हती. पुढे फॅराडे आणि मॅक्सवेल यांनी क्षेत्राची कल्पना मांडली. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवले की कोणताही संकेत प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही. एका ठिकाणची घटना प्रथम आपल्या शेजारावर परिणाम करते, शेजार त्याच्या शेजारावर, अशी ही साखळी असते. या नियमाला 'स्थानिकता' म्हणतात. हा नियम कायमचा ठरला असे वाटत असतानाच पुंजयामिकीने, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सने, जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आणला.

वर्गात हा विषय निघाला की मला दोन प्रकारची मते ऐकू येतात. काही विद्यार्थी म्हणतात, "सर, म्हणजे मनाचे संदेश दूरवर जातात हे विज्ञानाने सिद्ध केले." अशी वाक्ये त्यांनी व्याख्यानांतून आणि प्रवचनांतून ऐकलेली असतात. काही चिकित्सक विद्यार्थी उलट बाजूने म्हणतात, "यात नवल ते काय? दोन कण एकाच ठिकाणी जन्मले, तेव्हा त्यांच्यात साम्य असणारच." माझ्या मते दोन्ही मते चुकीची आहेत. आणि ती चुकीची आहेत हे दाखवायला शब्दांच्या लढाईची गरज नाही, तीन संख्या पुरेशा आहेत: २, २.८२८ आणि ४. या लेखात या तीन संख्यांचा अर्थ सांगण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी बारावीचे गणित पुरेल.

चपलांचा जोड

प्रथम चिकित्सक विद्यार्थ्यांचे म्हणणे घेऊ. समजा, खानापुरात कोणी कोल्हापुरी चपलांचा एक जोड घेतला, दोन चपला दोन खोक्यांत बंद केल्या, आणि एक खोके बेळगावला व दुसरे लोंढ्याला पाठवले. बेळगावच्या माणसाने खोके उघडले, आत डावी चप्पल निघाली. त्याच क्षणी त्याला कळते की लोंढ्याला उजवी आहे. यात कसलीही जादू नाही. कोणती चप्पल कुठे, हे खानापुरातच ठरले होते.

आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाचा रोख असाच होता. पुंजयामिकीत दोन कण असे गुंतलेले असू शकतात की एकाचे मापन केले असता दुसऱ्याबद्दलचे उत्तर निश्चित होते. श्रोडिंगरने त्याच वर्षी या गुंतण्याला नाव दिले. इंग्रजीत त्याला एंटँगलमेंट म्हणतात. आइन्स्टाइनचे म्हणणे असे की उत्तरे कणांजवळ आधीपासूनच असली पाहिजेत. पुंजयामिकी ती सांगत नसेल, तर तो सिद्धांत अपुरा आहे. नील्स बोर यांनी याला विरोध केला. जवळजवळ तीस वर्षे हा वाद तत्त्वज्ञानाचा समजला गेला, कारण तो प्रयोगाने सोडवता येईल असे कोणालाच वाटत नव्हते.

१९६४ मध्ये जॉन बेल या बेलफास्टला जन्मलेल्या शास्त्रज्ञाने मार्ग दाखवला. चपलांच्या जोडाने काय काय घडू शकते याला एक मर्यादा आहे, आणि पुंजयामिकी ती मर्यादा ओलांडते, हे त्याने सिद्ध केले. १९६९ मध्ये क्लॉसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी बेलच्या असमतेला प्रयोगास सोयीचे रूप दिले. ते रूप आपण एका खेळाच्या रीतीने पाहू.

बेळगाव आणि लोंढा यांचा खेळ

एक विद्यार्थी बेळगाव स्टेशनवर आणि एक विद्यार्थिनी लोंढा जंक्शनवर बसली आहे असे समजा. अंतर रेल्वेने सुमारे ५० किलोमीटर. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते, पांढरी किंवा लाल. कोणती मिळावी हे नाणे उडवून ठरते. चिठ्ठी मिळताच दोघांनी 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर द्यायचे, तेही एक सेकंदाच्या सहा हजाराव्या भागाच्या आत. प्रकाशाला हे अंतर तोडायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे एकाची चिठ्ठी दुसऱ्याला कळवण्याची सोय नाही. माणसाला इतक्या त्वरेने उत्तर देणे शक्य नाही हे खरे, पण यंत्राला आहे.

जिंकण्याचा नियम असा: दोघांना लाल चिठ्ठी आली, तर उत्तरे वेगळी हवीत. इतर तिन्ही प्रसंगी उत्तरे सारखी हवीत. खेळापूर्वी दोघांनी खानापुरात भेटून हवे ते ठरवावे. जास्तीत जास्त किती वेळा जिंकता येईल?

ठरवून गेलेली कोणतीही युक्ती म्हणजे शेवटी चार उत्तरांची यादी असते: पांढऱ्या व लाल चिठ्ठीला बेळगावचे उत्तर, आणि पांढऱ्या व लाल चिठ्ठीला लोंढ्याचे उत्तर. नियमाप्रमाणे बेळगावचे 'पांढरे' उत्तर लोंढ्याच्या दोन्ही उत्तरांशी जुळले पाहिजे, आणि बेळगावचे 'लाल' उत्तर लोंढ्याच्या 'पांढऱ्या'शी जुळले पाहिजे. या तीन अटी पाळल्या की चारही उत्तरे सारखी होतात. मग 'लाल-लाल'ची उत्तरे वेगळी कशी येणार? चारपैकी एक अट मोडणारच. म्हणून चपलांच्या मार्गाने जिंकण्याचे प्रमाण ७५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. दोघांनी सदैव 'हो' म्हटले तरी ७५ टक्के मिळतात, आणि कितीही डोके लढवले तरी त्याहून अधिक नाही.

शास्त्रज्ञ हेच दुसऱ्या मापाने मोजतात. जिंकण्याचे प्रमाण आठाने गुणून त्यातून ४ वजा केले की एक संख्या मिळते. तिला आपण 'बेल-मूल्य' म्हणू. ७५ टक्के म्हणजे ०.७५, आठाने गुणून ६, वजा ४, उत्तर २. पहिली संख्या ही. नेहमी जिंकणाऱ्यांचे, म्हणजे १०० टक्क्यांचे, बेल-मूल्य ४. तिसरी संख्या ती.

आता खानापुरात चपलांऐवजी गुंतलेल्या प्रकाशकणांचे उगमस्थान ठेवू. जोडीतला एक प्रकाशकण बेळगावला व दुसरा लोंढ्याला जातो. दोन्ही ठिकाणी ध्रुवणमापक आहे. बेळगावला पांढरी चिठ्ठी आली तर मापक ० अंशावर ठेवायचा, लाल आली तर ४५ अंशावर. लोंढ्याला पांढरीसाठी २२.५ अंश, लालसाठी उणे २२.५ अंश. प्रकाशकण आरपार गेला तर 'हो', नाहीतर 'नाही'. पुंजयामिकी सांगते की उत्तरे सारखी येण्याची संभाव्यता ही दोन मापकांमधील कोनाच्या कोसाइनच्या वर्गाइतकी असते. पहिल्या तीन प्रसंगी हा कोन २२.५ अंश आहे, म्हणून उत्तरे ८५.३६ टक्के वेळा जुळतात. 'लाल-लाल' प्रसंगी कोन ६७.५ अंश होतो, आणि उत्तरे ८५.३६ टक्के वेळा वेगळी येतात. म्हणजे प्रत्येक प्रसंगी जिंकण्याचे प्रमाण तेच. बेल-मूल्य २.८२८, म्हणजे दोन गुणिले दोनाचे वर्गमूळ. दुसरी संख्या ही.

७५ आणि ८५ यांतला हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा नसेल, पण त्याचा अर्थ मोठा आहे. उत्तरे आधीच ठरलेली असतात आणि दूरच्या चिठ्ठीचा इथे परिणाम होत नाही, ही दोन्ही गृहीते एकत्र धरली तर ७५ च्या पुढे जाता येत नाही. निसर्ग ८५ दाखवत असेल, तर यांपैकी किमान एक गृहीत सोडावे लागते. कोणते सोडावे, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

प्रयोगांचा इतिहास

निसर्ग खरोखर ८५ दाखवतो काय? १९७२ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे फ्रीडमन आणि क्लॉसर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशकणांवर पहिला प्रयोग केला. निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागला. परंतु त्यात मापक आधीपासून स्थिर होते. कणांना चिठ्ठीचा पत्ता आधी लागला असेल, अशी शंका घेता येत होती. १९८२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ आस्पे यांनी कण वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलण्याची व्यवस्था केली. १९९८ मध्ये इन्सब्रुक येथे झायलिंगर यांच्या गटाने दोन मापकांत ४०० मीटर अंतर ठेवून हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला.

तरीही एक पळवाट उरली होती. पुष्कळसे प्रकाशकण मापकाला सापडतच नाहीत. जे सापडले तेवढेच सोयीचे असतील तर? २०१५ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि अमेरिकेतील बोल्डर येथील प्रयोगांनी दोन्ही पळवाटा एकाच वेळी बंद केल्या. डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन वापरले होते. २४५ फेऱ्या झाल्या आणि बेल-मूल्य २.४२ आले. २०१७ मध्ये चीनच्या 'मिशिअस' उपग्रहाने १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी गुंतलेले प्रकाशकण पाठवले, तेव्हा २.३७ आले. २०१६ मध्ये तर चिठ्ठ्या निवडण्याचे काम यंत्रांऐवजी जगभरच्या सुमारे एक लाख माणसांना दिले, निकाल बदलला नाही. २०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लॉसर आणि झायलिंगर यांना मिळाले ते या कामासाठी. बेल १९९० मध्येच वारले होते.

२००८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आपल्या बेळगाव-लोंढा रचनेसारखाच एक प्रयोग झाला. जिनिव्हाजवळच्या १८ किलोमीटर अंतरावरील दोन खेड्यांत मापक ठेवले होते. एका कणाकडून दुसऱ्याकडे काही गुप्त प्रभाव धावत असेल, तर त्याचा वेग प्रकाशाच्या किमान दहा हजार पट असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

मग निरोप का पाठवता येत नाही?

आता पहिल्या विद्यार्थ्यांकडे वळू. प्रकाशाहून वेगवान संबंध सिद्ध झाला, मग त्यावरून निरोप का पाठवू नये? कारण लोंढ्याच्या विद्यार्थिनीने आपली वही कितीही तपासली तरी तिला त्यात निम्मे 'हो' व निम्मे 'नाही' एवढेच दिसेल. बेळगावला पांढरी चिठ्ठी आली काय, लाल आली काय, किंवा तिथला माणूस घरी निघून गेला काय, हे प्रमाण बदलत नाही. दोन वह्या शेजारी ठेवून तुलना केली तरच संबंध दिसतो, आणि वही आणायला आगगाडीच लागते, निदान टेलिफोन तरी. तो प्रकाशाच्या वेगाची मर्यादा पाळतो. तेव्हा मनाचे संदेश, दूरवरची चिकित्सा वगैरे गोष्टींना या सिद्धांताचा आधार देणे म्हणजे सिद्धांताचे अर्धेच पान वाचणे होय.

म्हणजे येथे दोन प्रकारची स्थानिकता आहे, आणि त्यांत गल्लत होऊ देता कामा नये. उत्तरे स्थानिक कारणांनी आधीच ठरलेली असणे ही आइन्स्टाइन-बेल स्थानिकता. निसर्ग ती मोडतो. दूरवर संकेत पाठवता न येणे ही संकेत-स्थानिकता. निसर्ग ती पाळतो. हा भेद अनेक कणांच्या प्रणालींसाठी काटेकोरपणे तपासण्याच्या कामात आपल्याकडील शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी १९९१ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात अनेक कणांच्या प्रणालींसाठी या दोन्ही स्थानिकतांच्या कसोट्या मांडल्या. त्याआधीच्या वर्षी मर्मिन यांनी दाखवले होते की कणांची संख्या वाढते तसतसे पुंजयामिकीचे उल्लंघन घातांकाने वाढत जाते.

निसर्ग २.८२८ वर का थांबतो?

या विषयातला सर्वांत रंजक प्रश्न हा आहे. एखाद्याला वाटेल की प्रकाशाहून वेगवान निरोप शक्य होऊ नये म्हणून निसर्ग २.८२८ वर थांबत असेल. १९९४ मध्ये पोपेस्कू आणि रोरलिख यांनी दाखवले की तसे नाही. नेहमी जिंकणारी, बेल-मूल्य ४ देणारी एक काल्पनिक पेटी कल्पिता येते, आणि तिच्याही दोन्ही टोकांना निम्मे 'हो' व निम्मे 'नाही' येतात. तिच्याने निरोप जात नाही. मग निसर्गाने अशी पेटी का दिली नाही?

गणिती उत्तर रशियन गणितज्ञ त्सिरेलसन यांनी १९८० मध्ये दिले होते. त्याचा गाभा विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. पुंजयामिकीत प्रत्येक चिठ्ठीसाठी एक सदिश घेता येतो, ज्याची लांबी १ असते, आणि दोन उत्तरांचा सहसंबंध हा दोन सदिशांचा बिंदुगुणाकार असतो. बेल-मूल्य मग फार तर लोंढ्याच्या दोन सदिशांच्या बेरजेची लांबी अधिक त्यांच्याच वजाबाकीची लांबी इतके होऊ शकते. या दोन लांबी म्हणजे समभुज चौकोनाचे कर्ण, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज नेहमी ४ असते. दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज ४ ठेवून त्या संख्यांची बेरीज सर्वांत मोठी केव्हा होते? दोन्ही सारख्या असताना, म्हणजे प्रत्येकी १.४१४ असताना. बेरीज २.८२८. पायथागोरसच्या प्रमेयाचा असा उपयोग पाहून मला दरवेळी आनंद होतो.

परंतु हे 'कसे' झाले, 'का' नव्हे. 'का'चे एक उत्तर २००९ मध्ये पुढे आले. लोंढ्याच्या विद्यार्थिनीच्या वहीत दोन पाने आहेत, प्रत्येकावर 'हो' किंवा 'नाही' लिहिलेले आहे. बेळगावच्या विद्यार्थ्याला त्यांपैकी एक पान हवे आहे, पण कोणते ते तिला ठाऊक नाही. तिला एकच शब्द कळवण्याची परवानगी आहे. नेहमी जिंकणारी पेटी हाताशी असेल तर तिने असे करावे: दोन्ही पाने सारखी असतील तर पेटीत पांढरी चिठ्ठी टाकावी, वेगळी असतील तर लाल. पेटीने 'हो' म्हटले तर पहिल्या पानाचा शब्द जसाच्या तसा कळवावा, 'नाही' म्हटले तर उलटा करून. विद्यार्थ्याने पहिले पान हवे असेल तर पांढरी, दुसरे हवे असेल तर लाल चिठ्ठी टाकावी. पेटी 'नाही' म्हणाली तर आलेला शब्द उलटा करावा. कागदावर चारही प्रसंग मांडून पाहा, त्याला हवे ते पान अचूक मिळते. म्हणजे एका शब्दाच्या निरोपात दोन पाने दडली!

पोलंडच्या पावलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्त्व मांडले की निसर्गात असे होऊ नये: एका शब्दाच्या निरोपातून एका शब्दाइतकीच माहिती हाती यावी. आणि २.८२८ च्या वर किंचितही गेलेल्या पेट्या पुरेशा संख्येने एकमेकींना जोडल्या तर हे तत्त्व मोडते, असे त्यांनी सिद्ध केले. या एका खेळापुरते तरी निसर्गाच्या मर्यादेचे कारण माहितीच्या नियमात सापडले. सर्व प्रकारच्या खेळांसाठी असे एकच तत्त्व अद्याप मिळालेले नाही, आणि तरुण संशोधकांना येथे भरपूर वाव आहे.

प्रयोगानेही ही सीमा चाचपली आहे. सिंगापूरच्या एका गटाने २०१५ मध्ये मोजलेले बेल-मूल्य २.८२७५९ होते, त्यातील अनिश्चितता ०.०००५१. सीमेच्या इतक्या जवळ, पण सीमेच्या आतच. याहून मोठे मूल्य कधी खात्रीने मिळाले, तर पुंजयामिकीच चूक ठरेल. म्हणून असे प्रयोग म्हणजे जुन्या निकालाची उजळणी नव्हे. ती सिद्धांताची परीक्षाच असते.

आपल्या जवळचे काम

विद्यार्थ्यांना वाटते की हे सारे परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळांचे काम. म्हणून पुण्याचे एक उदाहरण देतो. बेलची असमता दोन ठिकाणांविषयी आहे. तशीच लेगेट आणि गर्ग यांची १९८५ ची असमता एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या वेळांविषयी आहे. तीन वेळांच्या मापनांतून काढलेले मूल्य रोजच्या जगातील वस्तूंसाठी १ च्या वर जात नाही, पुंजयामिकीत ते १.५ पर्यंत जाते. २०११ मध्ये विक्रम आठल्ये, सौम्य सिंघा रॉय आणि टी. एस. महेश यांनी पुण्याच्या आयसर संस्थेत क्लोरोफॉर्मच्या रेणूतील अणुकेंद्रांच्या परिवलनावर ही असमता तपासली. आरंभी ती मोडते, आणि वेळ जाईल तसा भोवतालच्या परिणामाने पुंजयामिकी गुणधर्म विरून ती पुन्हा पाळली जाते, असे दिसले. यांतील आठल्ये हे कर्वेनगरच्या कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालयातले. महाविद्यालयात राहूनही अशा प्रश्नांवर काम करता येते, हे आम्हा प्राध्यापकांनीही ध्यानात घ्यावे.

या विषयाला व्यवहाराची बाजूही आहे. बँकेचा किंवा सैन्याचा गुप्त संकेत सुरक्षित आहे हे कशावरून? १९९१ मध्ये आर्थर एकर्ट यांनी सुचवले की दोन टोकांच्या यंत्रांनी आपला खेळ खेळून दाखवावा. गुण ७५ टक्क्यांच्या पुरेसे वर आले, तर उत्तरे आधी लिहून ठेवलेली नव्हती, म्हणजे ती चोराच्या वहीतही नव्हती. यंत्र कोणी बनवले यावर विश्वास ठेवण्याचीही मग फारशी गरज उरत नाही. २०२२ च्या जानेवारीत अहमदाबादला भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या केंद्राने आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने ३०० मीटर अंतरावर गुंतलेल्या प्रकाशकणांनी गुप्त किल्ली पाठवून दाखवली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६००३ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिची केंद्रे ज्या चार संस्थांत आहेत त्यांत मुंबईची आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आहेत. दोन्ही शहरांना आपल्या भागातून रात्रीच्या गाडीने जाता येते.

आइन्स्टाइनला ज्याची धास्ती होती ते घडले आणि घडलेही नाही. उत्तरे चपलांप्रमाणे आधीच खोक्यात असतात ही त्याची अपेक्षा टिकली नाही, परंतु संकेताच्या वेगाची त्याची मर्यादा अबाधित राहिली. निसर्गाने २ ची सीमा ओलांडली, ४ पर्यंत जाण्याची मुभा असतानाही तो २.८२८ वर थांबला. पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून क्वांटमचे नाव घेऊन काही चमत्कार सांगू लागला, तर विद्यार्थ्यांनी नम्रपणे एकच प्रश्न विचारावा: "आपल्या खेळात जिंकण्याचे प्रमाण किती, आणि ते कोणी मोजले?"